मोजलेली पावले : पंडित नैनसिंह रावत

गेल्या श्रावणातली गोष्ट. आमच्या गिरिभ्रमण मंडळाचे आम्ही चौदा जण खिरेश्वराहून टोलार खिंडीमार्गे हरिश्चंद्रगडावर निघालो होतो. खिंड ओलांडून कातळाचा टप्पा चढलो आणि वरच्या पठारावर धुक्याने आम्हांला गाठले. हे धुके ज्यांनी पाहिले आहे त्यांना ते कसे असते हे सांगायला नको. पुढच्याची पाठपिशवी दिसते, पण त्याचे डोके दिसत नाही. टेकाडामागून टेकाड, ओढ्यामागून ओढा, सगळीकडे सारखेच रान आणि सारखेच पाणी. वाट चुकली आहे हे कळायलाच आम्हांला अर्धा तास लागला.

मग सर्वांचे हात आपापल्या खिशाकडे गेले. एकाचा मोबाईल भिजून बंद पडला होता. काहींची बॅटरी रात्रभर गाडीत गाणी ऐकण्यात संपली होती. एकाच्या पडद्यावर मात्र जी. पी. एस.चा निळा ठिपका इमानाने लुकलुकत होता. पण ठिपक्याभोवती सगळा कोरा पडदा! रेंज नसेल तिथे नकाशा आधीच उतरवून ठेवावा लागतो, हे कुणाच्या ध्यानातच आले नव्हते. आम्ही कुठे आहोत हे त्या यंत्राला ठाऊक होते, आम्हांला नव्हते. एकाच्या पिशवीत होकायंत्र निघाले. त्याने उत्तर दिशा दाखवली. पण गड उत्तरेला की पश्चिमेला, हे चौदा जणांत एकालाही सांगता येईना.

तासाभराने चुकलेली गाय शोधत खालच्या वाडीतले एक मामा आले. त्यांनी आम्हांला दोनच गोष्टी विचारल्या. खिंड सोडल्यापासून किती ओढे ओलांडले, आणि शेवटच्या ओढ्याचे पाणी कोणत्या हाताला वाहत होते. आम्ही एकमेकांची तोंडे पाहत राहिलो. चालताना ते कुणी पाहिलेच नव्हते. मामा हसले, मान हलवून पुढे झाले आणि वीस मिनिटांत त्यांनी आम्हांला मंदिराशी आणून सोडले.

परतल्यावर भूगोलाच्या सरांना आम्ही ही फजिती सांगितली. ते रागावले नाहीत. त्यांनी एक नाव सांगितले आणि या माणसाबद्दल वाचा म्हणून ग्रंथालयात पाठवले. ते नाव होते पंडित नैनसिंह रावत. त्या वाचनातून हा लेख झाला आहे.

कुमाऊंमध्ये, आजच्या उत्तराखंडातील पिठोरागड जिल्ह्यात, गोरीगंगेच्या उगमाजवळ मिलम नावाचे गाव आहे. उंची अकरा हजार फुटांच्या वर. गावाच्या माथ्यावर हिमनदी आणि तिच्यापलीकडे तिबेट. नैनसिंहांचा जन्म २१ ऑक्टोबर १८३० रोजी याच गावात झाला. जोहार खोऱ्यातील हे लोक पिढ्यान् पिढ्या व्यापारी. उन्हाळ्यात धान्य, कापड, गूळ मेंढ्यांच्या आणि याकांच्या पाठीवर लादून खिंडी ओलांडायच्या, तिबेटातून मीठ, लोकर आणि सवागी घेऊन परतायचे आणि हिवाळ्यात खालच्या खोऱ्यात उतरायचे, असा त्यांचा वर्षाचा क्रम. १९६२ च्या युद्धानंतर हा व्यापार बंद पडला आणि मिलम ओस पडले. नैनसिंहांच्या बालपणी मात्र ते गजबजलेले गाव होते.

वडिलांचे नाव अमरसिंह. घरची स्थिती बेताची होती, त्यामुळे शिक्षण लवकर सुटले आणि नैनसिंह वडिलांबरोबर तिबेटच्या बाजारांत जाऊ लागले. तिथे ते तिबेटी भाषा शिकले. सलाम कसा करावा, चहा कसा घ्यावा, अधिकाऱ्यापुढे किती वाकावे आणि कोणत्या प्रश्नाला उत्तर देण्याचे टाळावे, हेही शिकले. पुढे कोणत्याही उपकरणापेक्षा ही विद्या त्यांच्या अधिक कामी आली.

१८५५ मध्ये हर्मान, अडॉल्फ आणि रॉबर्ट श्लागिंटवाइट हे तिघे जर्मन बंधू हिमालयाच्या शास्त्रीय प्रवासावर आले. त्यांना वाटेची आणि भाषेची माहिती असलेली माणसे हवी होती. नैनसिंह आणि त्यांचे चुलतबंधू मानीसिंह त्यांच्याबरोबर गेले. मानसरोवर, राक्षसताल, गारतोक, लडाख असा तो प्रवास झाला. त्या काळात होकायंत्र, तापमापक आणि मोजणीची वही नैनसिंहांनी प्रथम हाताळली. प्रवास संपल्यावर ते गावी आले आणि मिलमच्या सरकारी शाळेत मुख्याध्यापक झाले. पुढे जगाने त्यांना पंडित म्हणून ओळखले, ते या मास्तरकीमुळे.

इकडे डेहराडूनला महात्रिकोणमितीय सर्वेक्षणाच्या कचेरीत एक अडचण उभी होती. दक्षिणेच्या टोकापासून हिमालयापर्यंत भारताची मोजणी होत आली होती. १८५६ मध्ये काराकोरमच्या शिखराला के-टू हे नाव देणारे टॉमस जॉर्ज माँटगोमेरी याच खात्यात होते. दुर्बिणीतून शिखरे मोजता येत. पण शिखरांच्या पलीकडचे काही दिसत नसे. ल्हासा नेमके कुठे आहे, तिबेटातून पूर्वेकडे वाहणारी त्सांगपो पुढे कुठे जाते, नकाशावर या जागा कोऱ्या होत्या. तिबेटने युरोपीयांना दारे बंद केली होती आणि ती बंद करण्याला त्यांच्याकडे कारणही होते. ज्या देशात इंग्रज मोजणी करायला येतो, तिथे त्याच्या मागून काय येते हे आजूबाजूच्या सर्वांनी पाहिले होते.

हिंदी व्यापारी आणि यात्रेकरू मात्र सीमेपलीकडे सहज जातात, हे माँटगोमेरींच्या लक्षात आले होते. अशाच माणसांना मोजणी शिकवली तर? पहिला प्रयोग महंमद-ए-हमीद या मुनशीवर झाला. १८६३ मध्ये तो यारकंदला गेला, निरीक्षणे केली आणि परतीच्या वाटेवर मरण पावला. त्याच्या वह्या मिळाल्या आणि हे काम होऊ शकते एवढे सिद्ध झाले. कुमाऊंचे शिक्षणाधिकारी एडमंड स्मिथ यांनी मिलमच्या मास्तरांचे नाव सुचवले. १८६३ मध्ये नैनसिंह आणि मानीसिंह डेहराडूनला दाखल झाले. नैनसिंह तेव्हा तेहतीस वर्षांचे होते.

दोन वर्षे शिक्षण चालले. त्यातला पहिला धडा होता चालण्याचा! चढ असो, उतार असो, वाळू असो वा दगड, पाऊल ठरलेल्या मापाचेच पडले पाहिजे. सुमारे दोन हजार पावलांचा एक मैल. आणि ही पावले मोजायची, एकही न चुकवता, दिवसभर. मोजदाद राहावी म्हणून एक जपमाळ तयार करण्यात आली. खऱ्या माळेत १०८ मणी असतात, हिच्यात १०० ठेवले होते. दर शंभर पावलांना एक मणी ओढायचा. प्रत्येक दहावा मणी मोठा, तो बोटाला लागला की हजार पावले झाली. पूर्ण माळ म्हणजे दहा हजार पावले, म्हणजे पाच मैल. हातात तिबेटी यात्रेकरूचे प्रार्थनाचक्र. त्याच्या पोटात मंत्राच्या कागदांऐवजी कोऱ्या चिठ्ठ्या. त्यांवर पावलांचे आकडे आणि होकायंत्राने घेतलेल्या दिशा टिपायच्या. कोणी जवळ येऊ लागले की चक्र फिरवत ओठ हलवायचे. जप करणाऱ्याला मध्येच बोलवू नये, हा तिबेटातला शिष्टाचार या कामाला उपयोगी पडला.

पण आमच्या दृष्टीने खरा मुद्दा पुढेच आहे. होकायंत्र आणि पावले यांवर नकाशा काढता येतो, हे खरे. अमुक दिशेने अमुक अंतर गेलो, म्हणून आता इथे आहे, असा तो हिशेब. पण या हिशेबात चूक साचत जाते. प्रत्येक पावलात एका इंचाचा फरक पडला, तर मैलामागे सुमारे ५५ यार्ड चुकतात आणि बाराशे मैलांत जवळजवळ ३८ मैल! तेवढ्या चुकीत एखादे शहर डोंगराच्या एका बाजूचे दुसऱ्या बाजूला जाईल. म्हणून नैनसिंहांना दुसरी रीतही शिकवली होती. रात्री सेक्स्टंटने ताऱ्याची उंची मोजायची आणि त्यावरून त्या जागेचा अक्षांश काढायचा. समुद्रावर क्षितिजाची रेषा दिसते, डोंगरात ती दिसत नाही. त्यासाठी पारा वापरत. पाऱ्याचा पृष्ठभाग आपोआप समतल होतो. त्यात पडलेले ताऱ्याचे प्रतिबिंब आणि प्रत्यक्ष तारा यांमधला कोन मोजून निम्मा केला की ताऱ्याची उंची मिळते. हा पारा ते कवड्यांत भरून नेत आणि यात्रेकरूच्या वाडग्यात ओतत. सेक्स्टंट पेटीच्या चोरकप्प्यात असे. उंची काढण्यासाठी तापमापक. जितके उंच जावे तितके पाणी कमी उष्णतेला उकळते. चहाचे आधण ठेवायचे, त्यात तापमापक बुडवायचा आणि आकडा टिपायचा. गावाची उंची हाती येते.

म्हणजे दिवसाची मोजणी पायांची आणि रात्रीची आकाशाची. दोन्हींचा एकमेकींशी संबंध नाही. एकीत झालेली चूक दुसरी दाखवून देते. नैनसिंहांनी कुठल्याही एका साधनावर आंधळा विश्वास टाकला नाही. त्यांच्या कामाचे मर्म मला यात दिसते.

जानेवारी १८६५ मध्ये दोघे बंधू निघाले. नेपाळमार्गे जायचे ठरले. मार्चमध्ये ते काठमांडूस पोचले आणि तिथून किरोंगच्या वाटेने तिबेटच्या सीमेवर गेले. तिथल्या अधिकाऱ्यांनी त्यांना परत फिरवले. मानीसिंहांनी माघार घेतली. नैनसिंह एकटे राहिले. एका व्यापाऱ्याने तिबेटात नेण्याच्या थापा मारून त्यांच्याकडून शंभर रुपये उकळले आणि तो पसार झाला. तरी ते मागे फिरले नाहीत. केसांची वेणी बांधून, लडाखी व्यापाऱ्याचा वेष करून ते दुसऱ्या वाटेने सीमेपार गेले. सप्टेंबरात त्राडोमला पोचले आणि तिथे ल्हासाला जाणाऱ्या एका लडाखी तांड्यात सामील झाले. आता वाट त्सांगपोच्या काठाकाठाने जात होती.

या प्रवासाचे चित्र डोळ्यांपुढे आणून पाहा. तांडा पुढे जात आहे. सोबती गप्पा मारत आहेत, गाणी म्हणत आहेत, थट्टा करत आहेत. एक माणूस थोडा मागे राहून माळ ओढत चालला आहे. गप्पांत भाग घेतला तर मोजणी चुकेल. न घ्यावा तर संशय येईल. सायंकाळी सगळे शेकोटीभोवती बसले की त्याने आकडे मनात घोळवायचे. सगळे झोपले की बाहेर यायचे, वाडग्यात पारा ओतायचा, गारठलेल्या बोटांनी सेक्स्टंट धरायचा आणि कुणाची चाहूल लागली तर तेवढ्यात सगळे लपवायचे. असे एक-दोन दिवस नाही, महिनोन् महिने.

ऑक्टोबर १८६५ च्या अखेरीस ते शिगात्सेला पोचले. तिथल्या ताशिल्हुन्पो मठात पंचेन लामांच्या दर्शनाला सोबत्यांबरोबर जावे लागले. लामा अंतर्ज्ञानाने माणसाच्या मनातले ओळखतात अशी श्रद्धा होती. आपले पितळ उघडे पडणार या धास्तीने नैनसिंह आत गेले. समोर गादीवर अकरा वर्षांचा एक मुलगा बसला होता. त्याने इतरांना दिला तसा त्यांनाही आशीर्वाद दिला.

१० जानेवारी १८६६ रोजी ते ल्हासाला पोचले आणि एप्रिलपर्यंत तिथे राहिले. जवळचा पैसा संपला होता. मग मिलमच्या मास्तरांनी पुन्हा मास्तरकी सुरू केली. नेपाळी व्यापाऱ्यांना हिशेब शिकवून ते पोट भरू लागले. दोघा काश्मिरी व्यापाऱ्यांनी त्यांना ओळखले. पण त्यांनी ते कुणाला सांगितले नाही. परवानगीवाचून आत आलेल्या एका चिनी माणसाचा शिरच्छेद नैनसिंहांनी भर रस्त्यात पाहिला. त्यानंतर त्यांनी राहण्याची जागा बदलली आणि ते बाहेर कमी पडू लागले. निरीक्षणे मात्र थांबवली नाहीत. त्यांनी ल्हासाचा अक्षांश काढला तो २९ अंश ३९ मिनिटे. आजच्या उपग्रहांच्या आधारे काढलेल्या नकाशातही ल्हासाचा अक्षांश २९ अंश ३९ मिनिटेच आहे! कवडीतला पारा, चोरकप्प्यातले सेक्स्टंट आणि भीतीने धडधडणारे काळीज घेऊन केलेले हे मोजमाप.

एप्रिलात ते परतीच्या तांड्याबरोबर निघाले आणि मानसरोवराच्या वाटेने मायदेशी आले. २७ ऑक्टोबर १८६६ रोजी डेहराडूनला त्यांनी आपल्या वह्या कचेरीत दिल्या. सुमारे १२०० मैल, म्हणजे २५ लाखांच्या आसपास पावले. त्सांगपोचा मोठा भाग पहिल्यांदा खऱ्या जागी नकाशावर आला. पुढच्याच वर्षी, १८६७ मध्ये, पश्चिम तिबेटातील ठोक जालुंगच्या सोन्याच्या खाणी त्यांनी पाहिल्या. ती जागा सोळा हजार फुटांहून अधिक उंचीवर आहे. १८६८ मध्ये लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने त्यांना सोन्याचे घड्याळ दिले.

त्यांचा सर्वांत मोठा प्रवास शेवटचा ठरला. जुलै १८७४ मध्ये कॅप्टन ट्रॉटर यांच्या सूचनेवरून त्यांनी लेह सोडले. या वेळी वाट होती तिबेटच्या उत्तरेकडील ओसाड पठारावरून. सामान मेंढ्यांच्या पाठीवर. १८ नोव्हेंबरला ते दुसऱ्यांदा ल्हासाला पोचले. तिथे लेहचा एक ओळखीचा व्यापारी दिसला आणि आता इथे थांबणे म्हणजे जिवाशी खेळ, हे त्यांनी ओळखले. दोनच दिवसांत ते बाहेर पडले. पण निघताना त्यांनी एक शहाणपण केले. तोवरची निरीक्षणे दोन सोबत्यांच्या हाती देऊन त्यांना लेहला परत धाडले. आपण पकडलो गेलो, मारलो गेलो, तरी केलेले काम वाया जाऊ नये. आम्ही आमच्या टिपणाची दुसरी प्रत ठेवायला कंटाळतो, म्हणून हा तपशील मला विशेष वाटला.

ल्हासाहून दक्षिणेकडे वळून त्यांनी त्सेतांगजवळ त्सांगपो ओलांडली. तवांगला त्यांना अडकवून ठेवण्यात आले. डिसेंबर ते फेब्रुवारी असे जवळजवळ दोन महिने तिथे गेले. अखेर १ मार्च १८७५ रोजी ते आसाममधील उदालगुडीला पोचले. तिथून गुवाहाटीला जाताना ब्रह्मपुत्रा ओलांडावी लागते. तिबेटात मागे टाकलेली नदी आणि ही नदी एकच, हे जगापुढे निर्विवाद सिद्ध व्हायला अजून काही दशके जायची होती. या प्रवासात सुमारे १४०० मैल झाले होते. अक्षांशासाठी पावणेतीनशे आणि उंचीसाठी पाचशेच्या आसपास निरीक्षणे झाली होती.

त्या रात्रींची किंमत त्यांच्या डोळ्यांनी दिली. उंचावरच्या थंडीत, वाऱ्यात, सेक्स्टंटला डोळा लावून वर्षानुवर्षे बसल्याने दृष्टी अधू झाली, प्रकृतीही खालावली. ते प्रवासातून निवृत्त झाले. १८७७ मध्ये रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने त्यांना सुवर्णपदक दिले. सरकारने सी. आय. ई. हा किताब आणि रोहिलखंडात जहागीर दिली. आपली विद्या त्यांनी पुढच्यांना शिकवली, मोजणीच्या शास्त्रावर हिंदीत अक्षांश दर्पण नावाचे पुस्तकही लिहिले. १ फेब्रुवारी १८८२ रोजी त्यांचे निधन झाले. भारताने त्यांच्या नावाचे टपाल तिकीट काढले ते २००४ मध्ये.

या चरित्राची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर हा लेख नुसते स्तोत्र होईल. नैनसिंह संशोधक होते, तसे ते हेरही होते. ज्या तांड्याने त्यांना आपल्यात घेतले, ज्या मठाने आशीर्वाद दिला, त्यांच्याच मुलखाची वाट ते परक्या सत्तेच्या हाती देत होते. १९०४ मध्ये यंगहजबंडची फौज ल्हासात शिरली. त्याबद्दल एका पगारी मास्तराला दोष द्यावा का? आमच्या वर्गात यावर खूप वाद झाला. काहींना ते साम्राज्याचे साधन वाटले. काहींना वाटले की गुलाम देशातल्या माणसाने जगाच्या भूगोलात स्वतःच्या पायांनी जागा मिळवली. मला दोन्ही खरे वाटते. नकाशा निर्दोष असतो, तो कोणासाठी काढला हा प्रश्न मात्र उरतोच. आज आपल्या खिशातला ठिपका आपण कुठे आहोत हे आपल्याला सांगतो, तसा पुष्कळदा आणखी कुणाला तरी सांगत असतो. तेव्हा हा प्रश्न जुना झालेला नाही.

आता पुन्हा आमच्या धुक्याकडे येतो. हे सारे वाचल्यावर जी. पी. एस. वाईट आणि होकायंत्र चांगले, असे मी म्हणेन अशी कुणाची समजूत झाली असेल, तर ती चुकीची आहे. जी. पी. एस.चा पहिला उपग्रह १९७८ मध्ये गेला. १९९५ मध्ये २४ उपग्रहांची योजना पूर्ण कार्यान्वित झाली. मे २००० मध्ये अमेरिकेने सर्वसामान्यांसाठीच्या संकेतांत मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली. तेव्हापासून कुणालाही काही मीटरच्या अचूकतेने आपली जागा कळू लागली. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरच्या किमान चार उपग्रहांचे संकेत मिळाले की यंत्र अंतरांचा हिशेब मांडते आणि जागा सांगते. नैनसिंहांना रात्रभर जागून जे मिळे, त्याहून अचूक उत्तर क्षणात मिळते. रेखांश तर त्यांना आकाशावरून नीट काढता येत नसे, त्यासाठी पावलांवरच भिस्त ठेवावी लागे. हे यंत्र तोही सांगते. नैनसिंह आज असते तर त्यांनी ते आनंदाने बरोबर घेतले असते. त्यांच्या काळातली सर्वांत नवी उपकरणेच तर त्यांनी वापरली.

पण त्यांनी माळही टाकली नसती, असे मला खात्रीने वाटते. यंत्र अरुंद घळीत आकाश दिसेनासे झाले की अडखळते, कड्यावरून परावर्तित झालेल्या संकेताने फसते, थंडीत त्याची बॅटरी उतरते. होकायंत्रही लोखंडाजवळ फसते आणि पावलेही चुकतात. चूक प्रत्येक साधनात आहे. म्हणून एकाची चूक पकडायला दुसरे हवे, आणि दोघांचे न जुळले तर ते ओळखणारा माणूस हवा. नैनसिंहांचे भाऊबंद किशनसिंह यांची एक हकिकत सांगतात. १८७८ ते १८८२ च्या तिबेट प्रवासात लुटारूंच्या भीतीने त्यांना एकदा घोड्यावर बसणे भाग पडले. आता पावले कशी मोजणार? ते घोड्याच्या उजव्या पुढच्या पायाची पावले मोजू लागले! साधन हातातून गेले. पण लक्ष कुठे द्यायचे हे ज्याला ठाऊक होते, त्याने दुसरे साधन शोधले.

आम्हां चौदा जणांकडे त्या दिवशी कशाची उणीव होती? यंत्र होते, होकायंत्र होते. उणीव होती ती लक्ष देण्याची. वाट पुढच्याने पाहायची, पुढच्याने ती यंत्रावर सोपवायची आणि मागच्यांनी गप्पा मारत चालायचे, अशी आम्ही कामाची वाटणी केली होती. मामांनी विचारलेले दोन प्रश्न नैनसिंहांच्या चिठ्ठीवरच्या दोन रकान्यांसारखे होते. एक अंतराचा, एक दिशेचा. मामांजवळ माळ नव्हती, वही नव्हती. पण मोजणी होती.

डिसेंबरात आम्ही त्याच वाटेने पुन्हा गेलो. या वेळी मोबाईल पूर्ण भरून, पिशवीत कोरडे बांधून नेले होते, नकाशा आधीच उतरवून घेतला होता. शिवाय एक कागदी नकाशा आणि ते होकायंत्र. प्रत्येकाने अर्धा अर्धा तास वाट दाखवण्याचे आणि टिपण ठेवण्याचे काम केले. वाटेत ठिकठिकाणी थांबून आधी कागदावर बोट ठेवायचे आणि मगच मोबाईल उघडून ताडून पाहायचे, असा नियम होता. पहिल्या तीन वेळा आमचे बोट आणि ठिपका जुळले नाहीत. चौथ्यांदा जुळले. तेव्हा सगळ्यांनी एवढा आरडाओरडा केला, की मागून येणाऱ्या दुसऱ्या तुकडीला काही अपघात झाला असे वाटले!

खिंडीपासून मंदिरापर्यंत किती ओढे लागतात, हे आता आमच्यातला प्रत्येकजण सांगू शकेल. आकडा इथे देत नाही. ज्याला हवा असेल त्याने आमच्याबरोबर यावे आणि स्वतः मोजावा. मिलमच्या मास्तरांना त्यांचे विद्यार्थी म्हणून आमच्याकडून एवढीच गुरुदक्षिणा.